जुना हॉट टब: पाणी फिरत नाही, गरम होत नाही, तर हीटर मागवायच्या आधी हे क्रमानं तपासा

अमेरिकेत घर घेतलं की मागच्या डेकवर बऱ्याचदा आधीच्या मालकाचा हॉट टब पडलेला असतो, नाहीतर कोणीतरी 'फुकट आहे, फक्त घेऊन जा' म्हणतं आणि आपण चार मित्र आणि एक ट्रेलर जमवून तो घरी आणतो. पाणी भरलं, चालू केला, थोड्या वेळानं डिस्प्लेवर दोन-तीन अक्षरं लुकलुकायला लागतात आणि पाणी गारच्या गार. मग बहुतेक जण काय करतात तर लगेच नवीन हीटर ऑर्डर करतात, तो बसवतात, आणि परत तीच अक्षरं.

असं होतं कारण टबात पाणी पुरेसं फिरत नसेल तर कंट्रोल बोर्ड हीटरला चालूच होऊ देत नाही. कॉइलवरून पाणी वाहत नसताना ती तापली तर काही मिनिटांत जळते, म्हणून सगळी सेफ्टी तिथंच लावलेली असते. त्यामुळे क्रम हाच ठेवायचा: वीज, पाण्याची पातळी, हवा, फिल्टर आणि व्हॉल्व, पंप, सेटिंग, सेन्सर, आणि सगळ्यात शेवटी हीटर. मधली पायरी गाळली की पैसे वाया जातात, आणि पार्ट एकदा बसवला की दुकानवाले बहुधा परत घेत नाहीत.

## आधीची तयारी

सामान फार लागत नाही. मल्टिमीटर, साधा स्क्रू ड्रायव्हर सेट, टॉर्च, बागेतला पाण्याचा पाइप, वेट-ड्राय व्हॅक्यूम, जुने टॉवेल आणि ओ-रिंगला लावायचं सिलिकॉन ग्रीस. व्हॅसलिन लावू नका, त्यानं रबर फुगतं आणि नंतर गळायला लागतं. क्लॅम्प मीटर (वायरभोवती लावून अँप मोजणारा) मिळाला तर उत्तम, कोणाकडून तरी एक दिवस मागून आणा.

कॅबिनेटचा पुढचा पॅनल काढलात की पंप, हीटरची स्टीलची नळी आणि कंट्रोल बॉक्स दिसतो. कशालाही हात न लावता आधी फोनवर भरपूर फोटो काढा, प्रत्येक वायर कुठे जाते ते दिसेल असे. कंट्रोल बॉक्सच्या झाकणाच्या आत बहुतेक वेळा वायरिंगचं चित्र चिकटवलेलं असतं, त्याचाही फोटो. बोर्डवरचा नंबर, पंपाच्या मोटरवरचं लेबल, हीटरवरचे वॉट आणि व्होल्ट, हे सगळं टिपून ठेवा. टबाच्या कंपनीच्या नावावरून पार्ट शोधू नका, कारण एकाच कंपनीनं दोन वर्षांत दोन वेगळे बोर्ड वापरलेले असतात आणि टबावर नाव एकाचं, आतला बोर्ड बाल्बोआ किंवा गेको या बोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांचा.

सावध: पॅनलच्या आत हात घालायच्या आधी ब्रेकर बंद, दर वेळी. डिस्प्ले बंद दिसतोय म्हणजे वीज नाही असं धरू नका, मल्टिमीटरनं टर्मिनलवर शून्य बघा. पंपाचा कपॅसिटर वीज बंद झाल्यावरही चार्ज धरून ठेवतो, तिथं बोटं नकोत. आणि टब रिकामा करतानाही ब्रेकर बंद हवा, नाहीतर फिल्टर सायकलची, म्हणजे आपोआप पाणी फिल्टरमधून फिरवायची, वेळ झाली की पंप कोरडाच सुरू होतो.

## टप्पा १: वीज नेमकी किती आणि कशी येते

आपल्याकडे देशात घरात एक फेज आणि एक न्यूट्रल, २३० व्होल्ट, विषय संपला. इथे २४० म्हणजे १२०-१२० च्या दोन लाइन. मोठ्या टबाला बहुतेक वेळा ५० अँपचा जीएफसीआय ब्रेकर (वीज कुठे गळाली की लगेच पडणारा) आणि चार वायरी असतात: दोन लाइन, एक न्यूट्रल, एक ग्राउंड. यातली एक लाइन कुठे सैल झाली किंवा गेली तर कधीकधी डिस्प्ले चालू राहतो, दिवा लागतो, छोटा पंपसुद्धा फिरतो, फक्त हीटर मेलेला. लोक इथेच हीटर बदलतात.

बॉक्समध्ये दोन लाइनच्या मध्ये २४० च्या आसपास आणि प्रत्येक लाइन ते न्यूट्रल १२० च्या आसपास यायला पाहिजे. चालू विजेवर मीटर धरायची सवय नसेल तर हे काम इलेक्ट्रिशियनला द्या, ओल्या जमिनीवर उभं राहून शिकायची ही जागा नाही.

काही छोटे टब साध्या प्लगवर, १२० व्होल्टवर चालतात, आणि काही दोन्हीवर चालणारे असतात. हा फरक फार मोठा आहे. तोच ५.५ किलोवॉटचा हीटर १२० वर चालवला तर पाव भाग उष्णता देतो, म्हणजे जेमतेम १.४ किलोवॉट. टब बिघडलेला नाही, हळू आहे.

नवीन जोडणी केल्या केल्या ब्रेकर ताबडतोब पडत असेल तर न्यूट्रल बघायला सांगा. टबाकडून आलेली पांढरी वायर जीएफसीआय ब्रेकरच्या न्यूट्रल टर्मिनलवर हवी आणि ब्रेकरची स्वतःची गुंडाळीवाली पांढरी शेपटी न्यूट्रल बारवर. ही अदलाबदल झाली की टबात काही दोष नसतानाही ब्रेकर टिकत नाही. जोडणीसाठी गावाचा परमिट लागतो, आणि टब बंद करायचा डिस्कनेक्ट स्विच पाण्यापासून किमान ५ फूट लांब आणि टबावरून दिसेल असा असावा लागतो. जुन्या मालकानं तो ठेवलाच नसेल तर आधी ते करून घ्या, मग पुढचं.

## टप्पा २: पाणी भरायची पद्धत

इथे निम्मी दुखणी सुरू होतात. पाइप नुसता टबात टाकून भरलं की पाणी वरून चढतं आणि खालच्या पाइपांत, पंपात हवा अडकून बसते. पाइपाचं तोंड फिल्टर काढून त्या खोलगट भागात तळापर्यंत घाला आणि तिथूनच भरा, म्हणजे पाणी आधी पंपाकडे जातं आणि हवा जेटमधून, म्हणजे टबातल्या पाण्याच्या झोतांच्या तोंडांतून, बाहेर ढकलली जाते.

भरायच्या आधी पंपाच्या दोन्ही बाजूंचे स्लाइस व्हॉल्व बघा, म्हणजे वर ओढायची मूठ असलेली पट्टी. मूठ पूर्ण वर म्हणजे उघडा. टब हलवताना लोक हे बंद करतात आणि विसरतात. मूठ वर आहे पण आतली पट्टीच तुटून खाली राहिली आहे असंही जुन्या टबात दिसतं, तेव्हा वर-खाली करून अडखळते का ते बघा. मूठ वर केल्यावर ती क्लिप लावून ठेवा, नाहीतर कंपनानं हळूहळू खाली घसरते आणि दोन आठवड्यांनी 'काल तर चालू होता' अशी तक्रार.

पातळी फिल्टरच्या तोंडाच्या निदान अर्ध्याच्या वर पाहिजे, त्यातून चार माणसं बसून उठली की ती खाली जाते हे लक्षात घेऊन. पातळी कमी असेल तर फिल्टरपाशी भोवरा दिसतो आणि घोट घेतल्यासारखा आवाज येतो, तो पंप पाण्याबरोबर हवा ओढतोय.

तपासा: भरून झाल्यावर पंप न चालवता अर्धा तास थांबा आणि टॉर्चनं खाली बघा. मिशिगन, मिनेसोटासारख्या ठिकाणी टब हिवाळ्यात पाणी न काढता पडून राहिला असेल तर पंपाचं पुढचं प्लास्टिकचं तोंड, हीटरच्या टोकाचे युनियन (पाइप जोडणारे मोठे नट) आणि जेटकडे जाणारे मॅनिफोल्ड (पाणी वाटून देणारे फाटे) गोठून तडकलेले असतात. युनियनपाशी ठिबकत असेल तर ती ओ-रिंग, स्वस्तात सुटतं. फोमच्या आतून कुठूनतरी पाणी येत असेल तर मात्र तिथं थांबा आणि हा टब ठेवायचा का याचा विचार करा, कारण फोम कोरत गळती शोधण्यात वीकेंड जातात.

## टप्पा ३: हवा काढणं

गावाकडे विहिरीवरची मोटर हवा धरते ना, नुसती घुंऽऽ करत फिरते आणि पाणी उचलत नाही, अगदी तेच इथे. पंपाचा आवाज नेहमीपेक्षा चिरका, जेटमधून काही नाही किंवा नुसते बुडबुडे.

क्रम असा:

१. ब्रेकर चालू केल्यावर बऱ्याच बोर्डांवर पहिली चार-पाच मिनिटं प्रायमिंग मोड (हवा काढायचा वेळ) असतो, बाल्बोआवर 'पीआर' दिसतं. या वेळात हीटर मुद्दाम बंद ठेवलेला असतो. नुसतं बघत बसू नका, जेटचं बटण दाबून पंप आधी लो, मग हाय स्पीडवर चालवा, थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद.

२. डायव्हर्टरचा, म्हणजे पाणी कुठल्या जेटांकडे जायचं ते ठरवणारा, मोठा नॉब मधोमध ठेवा, सगळे जेट उघडे, हवेचे छोटे नॉब बंद.

३. पाणी उचललं नाही तर दोन मिनिटांच्या आत पंप बंद. कोरडा पंप फिरवत ठेवला की शाफ्टचं सील जळतं आणि मग गळती आणि नवीन खर्च.

४. ब्रेकर बंद करा. पंपाच्या वरच्या बाजूचा, म्हणजे पाणी बाहेर पडणारा युनियन हातानं थोडासाच सैल करा. आधी फुस्स करून हवा येईल, मग पाणी. पाणी सलग यायला लागलं की परत हातानं घट्ट. पान्ह्यानं आवळू नका, प्लास्टिकची नट चिरते. खाली टॉवेल ठेवा आणि कंट्रोल बॉक्सवर पाणी उडणार नाही असं बघा.

५. तरीही होत नसेल तर बागेच्या पाइपाला चिंधी गुंडाळून तो एखाद्या जेटमध्ये किंवा फिल्टरच्या खालच्या भोकात दाबून धरा आणि मिनिटभर पाणी सोडा, उलट्या दाबानं हवा निघते.

दोन पंप असतील तर दोन्हींसाठी हे वेगवेगळं करायचं. एकातून पाणी जोरात आलं म्हणजे दुसऱ्याची हवा गेली असं नाही.

## टप्पा ४: पाणी कुठे अडतंय ते शोधा

आता फिल्टर. तो अजून बाहेरच असू दे. फिल्टरशिवाय टब चालवा आणि एरर जातो का बघा. गेला तर शोध इथेच संपला, फिल्टर चोंदलाय. दिसायला पांढरा असला तरी, कारण लोशन, तेल आणि क्षार कापडाच्या आत बसतात आणि ते नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानं जात नाहीत, फिल्टर क्लीनरमध्ये रात्रभर भिजवावा लागतो. जुन्या टबाबरोबर आलेला फिल्टर मी तरी सरळ फेकून देईन. पण टेस्ट झाल्यावर फिल्टरशिवाय टब चालवत राहू नका, केस आणि पानं थेट पंपात जातात.

फिल्टर काढूनही एरर तसाच असेल तर: किती जेट बंद आहेत? गोल फिरवून बंद करायचे जेट असतात, आणि पोरं खेळता खेळता निम्मे बंद करून ठेवतात. मग तळाशी किंवा पायाशी असलेल्या सक्शनच्या जाळ्या, तिथं पान, केस, प्लास्टिकचा तुकडा काही चिकटलंय का. मग परत एकदा स्लाइस व्हॉल्व.

सावध: सक्शनची जाळी तुटलेली किंवा गायब असेल तर टब बंद. कोणी आत बसणार नाही, मुलं तर अजिबात नाही. या ओढीत केस किंवा अंग अडकून जीव गेलेले आहेत आणि त्यावरूनच अमेरिकेत २००७ मध्ये ड्रेन कव्हरचा कायदा आला. त्याच मापाची, त्याच रेटिंगची जाळी बसवल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता एक गोष्ट जी सगळ्यांना चकवते. 'जेट तर एकदम जोरात येतायत, मग फ्लोची एरर कशी?' बऱ्याच टबांत हीटरमधून पाणी नेणारा पंप वेगळा असतो, छोटा, आवाज न करणारा सर्क्युलेशन पंप. जेटच्या मोठ्या पंपाचा आणि हीटरचा काही संबंधच नसतो. हीटरच्या स्टीलच्या नळीपासून पाइप मागे धरत जा आणि तो कुठल्या पंपाला पोचतो ते बघा, मग त्याच पंपाची चौकशी. छोटा पंप चालू असताना हलकी थरथर हाताला लागते आणि ओझोनेटर (पाणी स्वच्छ ठेवायला त्यात ओझोन सोडणारा डबा) असेल तर तळाच्या एका भोकातून बारीक बुडबुडे येतात. ते बुडबुडे थांबले की समजायचं.

## टप्पा ५: पंप

दोन स्पीडचा पंप असेल तर हीटर बहुधा लो स्पीडवर चालतो. हाय स्पीडवर मस्त आणि लोवर काहीच नाही, असा पंप वरवर ठणठणीत दिसतो आणि हीटर मात्र कधीच लागत नाही. दोन्ही स्पीड वेगवेगळे चालवून बघा.

नुसता हम्म आवाज येतो आणि फिरत नाही: कपॅसिटर गेला असेल किंवा शाफ्ट गंजून जाम झालाय. ब्रेकर बंद करून मोटरच्या मागचं झाकण काढा, बऱ्याच मोटरींना मागे शाफ्टवर खाच असते, त्यात स्क्रू ड्रायव्हर घालून फिरवा. हातानं सुटला आणि नंतर चालायला लागला तर पडून राहिल्यामुळे अडकला होता. मोकळा फिरतोय पण विजेवर उठत नाही तर कपॅसिटर, तो स्वस्त असतो पण त्यावर लिहिलेले मायक्रोफॅरड तेच हवेत आणि व्होल्ट तेवढेच किंवा जास्त.

फिरतोय, हवा नाही, तरी पाण्याला जोर नाही: इंपेलरमध्ये, म्हणजे पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या पंख्यात, कचरा. दोन्ही स्लाइस व्हॉल्व बंद करा, युनियन सोडवा, पंपाचं पुढचं तोंड उघडा. केसांचा गुंता, पाइन झाडाच्या सुया, बॅण्डेज, एकदा तर लहान मुलाच्या मोज्याचा रबर, काहीही निघतं. बसवताना ओ-रिंग साफ करून ग्रीस लावून खाचेत नीट बसली का ते बोट फिरवून बघा, आणि व्हॉल्व परत उघडायला विसरू नका.

मोटर आणि प्लास्टिकच्या तोंडाच्या मधून पाणी ठिबकतंय म्हणजे शाफ्ट सील. चालतोय तर चालू दे म्हणून सोडलं की ते पाणी बेअरिंगमध्ये जातं, आणि मग किंचाळल्यासारखा आवाज सुरू होतो आणि अख्खी मोटर.

तपासा: इथपर्यंत आल्यावर पाणी जोरात, बुडबुड्यांशिवाय, लो आणि हाय दोन्हीवर फिरलं पाहिजे. नसेल तर पुढे जाऊ नका, हीटरच्या टेस्टला काही अर्थ नाही.

## टप्पा ६: आधी मोड बघा, मग स्क्रू ड्रायव्हर

पाणी फिरतंय, एरर नाही, पण गरम होत नाही? पॅनल नीट वाचा. जुन्या बाल्बोआ बोर्डांवर स्टँडर्ड, इकॉनॉमी आणि स्लीप असे मोड असतात. इकॉनॉमीमध्ये फक्त फिल्टर सायकल चालू असतानाच गरम करतो, स्लीपमध्ये तर सेट केलेल्या तापमानाच्या २० डिग्री फॅरनहाइट खालपर्यंतच. नवीन पॅनलवर हाय रेंज आणि लो रेंज असते, लो रेंजमध्ये तुम्ही कितीही बटण दाबा, १०४ येणारच नाही. आधीचा मालक घर विकताना टब सुट्टीच्या मोडमध्ये टाकून गेलेला असतो, आणि आपण हीटर उघडून बसतो.

दुसरं म्हणजे घाई. थोडं गणित: ४०० गॅलन म्हणजे साधारण १,५०० लिटर पाणी. ५.५ किलोवॉटचा हीटर त्याला तासाला जास्तीत जास्त ५ ते ६ डिग्री फॅरनहाइटनं चढवतो, ४ किलोवॉटचा चारेक डिग्रीनं, आणि १२० व्होल्टवरचा एक-दीड डिग्रीनं. नळाचं पाणी ५० डिग्रीचं असेल आणि तुम्हाला १०० पाहिजे, तर २४० वर नऊ-दहा तास आणि प्लगवाल्या टबाला दीड ते दोन दिवस, तेही झाकण लावून. दिवाळीला पाहुणे येणार म्हणून सकाळी भरून संध्याकाळी बसू म्हणाल तर नाही होणार.

झाकण उचलून बघा. दोन माणसांना उचलायला जड जात असेल तर आतल्या फोमनं पाणी प्यायलंय, आणि असं झाकण थंडीत हीटरनं दिलेली उष्णता तिथल्या तिथे घालवतं.

## टप्पा ७: सेन्सर आणि स्विच

कोड प्रत्येक बोर्डाचे वेगळे, पण बाल्बोआवर नेहमी दिसणारे असे: 'एफएलओ', 'एचएफएल' किंवा 'एलएफ' म्हणजे पाणी कमी फिरतंय, 'डीआर' म्हणजे हीटरमध्ये पाणी कमी किंवा हवा, 'ओएचएच' म्हणजे हीटरपाशी ११८ डिग्री झाले, 'ओएचएस' म्हणजे ११०, आणि 'एसएन' नं सुरू होणारे म्हणजे सेन्सर. गंमत अशी की ओव्हरहीटचा कोडसुद्धा बऱ्याचदा पाणी न फिरल्यामुळेच येतो, नळीतलं तेवढंच पाणी तापतं आणि पुढे जात नाही. उन्हाळ्यात मात्र वेगळं कारण असू शकतं: फिल्टर सायकल खूप लांब ठेवली की नुसत्या पंपाच्या उष्णतेनं झाकलेलं पाणी चढत जातं. सायकल कमी करा, झाकण थोडं उघडा.

सावध: ओव्हरहीट दाखवत असेल तर हात घालून 'एवढं काही नाही' असं ठरवू नका, आधी वेगळ्या थर्मामीटरनं मोजा. टबाची कमाल मर्यादा १०४ आहे आणि ती उगाच नाही.

थोड्या जुन्या टबांत हीटरच्या नळीवर प्रेशर स्विच असतो, दोन वायरींचा छोटा गोल डबा. वीज बंद करून वायरी काढा, त्यांची टोकं टेप करा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून स्विचला लावा आणि मगच वीज परत चालू करा: पंप बंद असताना उघडा, पंप चालू झाला की जोडलेला. पंप बंद असूनही जोडलेला दाखवत असेल तर आत क्षार साचून चिकटलाय. पंप चालू, पाणी जोरात, तरी उघडाच, तर स्विच बदला. नवीन बोर्डांत हा स्विचच नसतो, हीटरच्या दोन टोकांना दोन सेन्सर असतात आणि त्यांच्यातल्या फरकावरून बोर्ड फ्लो ओळखतो. तिथं एक सेन्सर नीट घट्ट बसलेला नसला तरी फ्लोची एरर येते.

सावध: दोन वायरी जोडून स्विच बायपास करायचा सल्ला कोणीतरी देतंच. असा टब चालवायचा नाही, एक रात्रसुद्धा नाही. कोरडा हीटर आणि आजूबाजूला फोम, एवढं सांगितलं तरी पुरे.

बऱ्याच सेन्सरांचा रेझिस्टन्स २५ डिग्री सेल्सिअसला १० हजार ओहम असतो, पण काही कंपन्यांचे ३० हजारांचे असतात. आकडा लेबलशी किंवा बोर्डाच्या चित्राशी जुळवा, आणि दोन्ही सेन्सर एकाच पाण्यात असताना जवळपास सारखे दाखवतात का ते बघा.

## टप्पा ८: आता हीटर

शेवटी. ब्रेकर बंद, शून्य व्होल्ट खात्री, मग हीटरच्या दोन्ही टर्मिनलवरच्या वायरी किंवा तांब्याच्या पट्ट्या सोडवा. नट सोडताना आणि आवळताना दोन पान्हे लावा, एकानं खालची नट धरायची आणि दुसऱ्यानं वरची फिरवायची. नुसती वरची फिरवली की टर्मिनलच पिळतं आणि चांगली कॉइल तिथेच मरते.

१. टर्मिनल ते टर्मिनल ओहम: २४० व्होल्टच्या ५.५ किलोवॉट हीटरला साधारण १०-११, ४ किलोवॉटला १४-१५. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली.

२. प्रत्येक टर्मिनल ते स्टीलची नळी: काहीही दाखवता कामा नये. आकडा आला म्हणजे कॉइलचं आवरण फुटून पाण्यात वीज उतरतेय, जीएफसीआय पडायचं हे नेहमीचं कारण.

३. ब्रेकर पडत असेल तर हीटर सुटलेला असतानाच, सुट्ट्या वायरींची टोकं नीट टेप करून, ब्रेकर लावून बघा. टिकला तर हीटर. नाही टिकला तर एकेक पंप, ओझोनेटर असं सोडवत जा. ओझोनेटर आणि छोटा पंप यांच्यावर लोकांचा संशयच जात नाही.

४. मीटरवर कॉइल चांगली आहे तरी गरम नाही: सगळं परत जोडा, तापमान वर करा, आणि क्लॅम्प मीटर एका हीटर वायरभोवती लावा. ५.५ किलोवॉटला २३ अँपच्या आसपास पाहिजे. शून्य असेल आणि पॅनलवर हीटिंगची खूण दिसत असेल, तर बोर्डवरचा रिले किंवा मध्ये कुठेतरी जळलेला कनेक्टर. काळा पडलेला, वितळलेला टर्मिनल डोळ्यांनीच दिसतो.

बोर्ड स्वतः सोल्डर करायचा हौशी उद्योग मी करणार नाही, पूर्ण बोर्ड किंवा पूर्ण पॅक बदलणं बरं पडतं.

नवीन हीटर घेताना वॉट, व्होल्ट, नळीची लांबी, युनियनची जाडी आणि सेन्सर बसायची भोकं, हे पाचही जुळलं पाहिजे. जुनी कॉइल बाहेर काढल्यावर तिच्याकडे नीट बघा. पांढरा जाड थर असेल तर पाण्यात क्षार जास्त, फिनिक्स किंवा सॅन अँटोनियोसारख्या जड पाण्याच्या गावात हे हमखास. उलट खड्डे पडून खाल्लेली दिसत असेल तर पीएच खाली राहिला. कारण न सुधारता नवीन बसवली तर तीही तशीच जाईल. पीएच ७.२ ते ७.८, अल्कलिनिटी ८० ते १२०, कॅल्शियम हार्डनेस १५० ते २५० पीपीएम (दहा लाख भागांत किती), एवढं सांभाळा.

## टप्पा ९: बसायच्या आधी पाइप धुणं

टब गरम झाला की कोणालाच हा टप्पा आठवत नाही. वापरलेल्या टबाच्या पाइपांत आतून चिकट थर असतो, आणि आधीच्या मालकानं तो अर्धवट पाण्यानं महिनोन्‌महिने ठेवलेला असेल तर विचारूच नका. फिल्टर काढा, लाइन क्लीनर टाका, बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ जेट चालवा. तपकिरी फेस कडेला जमेल, तो पुसून काढा, मग ब्रेकर बंद करून पाणी सोडा, टब धुवा, परत भरा. हे पाणी रस्त्यावरच्या स्टॉर्म ड्रेनमध्ये सोडू नका, कुठे सोडायचं ते गावाच्या नियमाप्रमाणे. नवीन पाण्यात नवीन फिल्टर, आणि क्लोरीन किमान ३ पीपीएम, ब्रोमिन वापरत असाल तर किमान ४, असा सीडीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचा, सल्ला आहे. हे नसेल तर अंगावर पुरळ उठतं, आणि लीजिओनेलासारखा जंतू वाफेतून छातीत जातो, त्यामुळे देशातून आई-बाबा आलेत म्हणून त्यांना पहिल्याच दिवशी बसवायची घाई नको.

## भर थंडीत हीटर गेला आणि पार्ट यायला आठवडा आहे

पंप चालतोय का? मग पाणी काढू नका. लो स्पीडवर पंप जास्तीत जास्त वेळ चालू राहील अशी फिल्टर सायकल लावा, झाकण घट्ट, कॅबिनेटचे पॅनल बंद. फिरतं पाणी आणि मोटरची उष्णता टबाला बराच काळ गोठण्यापासून वाचवते, पाणी दिवसातून एकदा मोजत जा. फक्त हीटरमुळे ब्रेकर पडत असेल तर हीटरच्या वायरी सोडवून, टोकं टेप करून बाकीचा टब चालू ठेवता येतो.

पंपच बंद असेल आणि बाहेर तापमान ३२ डिग्री फॅरनहाइटच्या खाली जाणार असेल तर त्याच दिवशी रिकामा करायचा. नुसता ड्रेन उघडून होत नाही, पाइपांच्या वळणांत पाणी राहतं. वेट-ड्राय व्हॅक्यूम आधी फुंकायच्या बाजूला लावून प्रत्येक जेटमधून, मग ओढायच्या बाजूनं, पंपाचे आणि हीटरचे युनियन सैल करून, पंपाच्या खालचा छोटा प्लग काढून. काढलेले प्लग आणि ओ-रिंग एका पिशवीत घालून कंट्रोल बॉक्सच्या झाकणालाच चिकटवून ठेवा, एप्रिलमध्ये शोधत बसायला नको.

कॅबिनेटच्या आत स्पेस हीटर ठेवून झोपायला जायचं नाही, आत फोम आणि प्लास्टिक आहे.

आणि पार्ट आला की थेट टप्पा ८ वर उडी मारू नका, पाणी सोडलं होतं म्हणजे परत टप्पा २ पासून.